‘काही होत नाही’ म्हणण्याआधी

मराठी माणूस जन्मभरात जी वाक्ये सर्वांत जास्त वेळा ऐकतो, त्यांत ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ या वाक्याचा नंबर बराच वर लागेल. बालवाडीच्या दारात, लसीच्या रांगेत, पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलताना, दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. प्रसंग कोणताही असो, वाक्य तेच. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की हे वाक्य दर वेळी खरे असते का? आणि खरे नसेल, तर घाबरलेल्या माणसाला धीर देण्यासाठी थोडे खोटे बोललेले चालते का?

प्रश्न जुनाच आहे. पण एमआरआय नावाच्या मशीनमुळे तो रोज शेकडो ठिकाणी नव्याने उभा राहतो, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहावेसे वाटले. मी डॉक्टर नाही. इंग्लंडमधून मास्टर्स करून बाहेर पडलो, तो आयटीत शिरलो आणि गेली काही वर्षे दोह्यात कन्सल्टन्सी करतो. एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट सिस्टीमवर काम करताना या विषयाशी संबंध आला आणि मग वाचत गेलो.

एमआरआयचा इतिहास फार जुना नाही. पॉल लॉटरबर यांचा या तंत्रावरचा शोधनिबंध १९७३ साली आला. ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले, त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. २००३ मध्ये लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळाले. आज तेच काम साधारण वीस ते चाळीस मिनिटांत होते. पण त्या मिनिटांत रुग्णाकडून जी अपेक्षा असते, ती दुसऱ्या कुठल्याच साध्या तपासणीत नसते. एक्स-रेला क्षणभर श्वास रोखला की काम झाले. इथे साठ-सत्तर सेंटिमीटर रुंदीच्या बोगद्यात निश्चल पडून राहायचे, कानांवर शंभर डेसिबलहून मोठा आवाज आदळत असताना हलायचे नाही, आणि हे सगळे पूर्ण शुद्धीवर असताना. शंभरातले एक-दोन जण घुसमटीमुळे तपासणी अर्धवट सोडतात. त्याहून कितीतरी अधिक जण कसेबसे दात-ओठ खाऊन ती पूर्ण करतात, आणि काहींना गुंगीचे औषध द्यावे लागते.

रुग्णालयाच्या दृष्टीनेही ही भीती महाग पडते. रुग्ण हलला की चित्र पुसट येते, पुन्हा घ्यावे लागते, पुढच्या रुग्णाची वेळ हुकते. आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचे तर थ्रूपुट घसरते. म्हणजे रुग्णाला शांत करण्यात रुग्णाचे हित आहेच, पण मशीनच्या मालकाचेही आहे. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

मग शांत करायचे कसे? या बाबतीत एल्व्हिरा लँग या रेडिऑलॉजिस्ट बाईंचे काम फार वाचनीय आहे. २००० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडावरच्या, भूल न देता करायच्या प्रक्रियांसाठी आलेल्या २४१ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. एकाला नेहमीची सेवा. दुसऱ्याला लक्षपूर्वक वागणूक, म्हणजे नीट ऐकून घेणे, मागितलेले लगेच देणे, प्रक्रियेवर आपलाही काही ताबा आहे असे वाटू देणे. तिसऱ्या गटाला हे सगळे आणि शिवाय स्वसंमोहन. संमोहन म्हटले की आपल्याला जादूचे प्रयोग आठवतात, पण इथे तसले काही नव्हते. डोळे वर न्या, खोल श्वास घ्या, डोळे मिटा, शरीर तरंगते आहे असे समजा आणि तुमच्या आवडीच्या ठिकाणी मनाने जाऊन या, एवढेच. ज्यांनी इगतपुरीला जाऊन विपश्यनेचे शिबिर केले आहे, त्यांना श्वासाकडे लक्ष देण्याची ताकद वेगळी सांगायला नको. निकाल असा लागला की दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांना औषध निम्म्याहून कमी लागले, आणि नेहमीच्या सेवेत सरासरी ७८ मिनिटे चालणारी प्रक्रिया संमोहनाच्या गटात ६१ मिनिटांत आटोपली.

याच मंडळींनी पुढे १५९ रुग्णांच्या व्हिडिओफिती तपासल्या आणि २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ‘आता जरा दुखेल हं’ असा आधी इशारा दिला, की रुग्णाला वेदना आणि चिंता दोन्ही जास्त जाणवतात. २०१० मधला अमेरिकेतला एक अभ्यास तर अधिकच बोलका आहे. प्रसूतीसाठी आलेल्या १४० स्त्रियांना पाठीत भुलीचे इंजेक्शन द्यायचे होते. निम्म्यांना सांगितले, मोठी मधमाशी चावल्यासारखे वाटेल, सगळ्यांत त्रासाचा भाग हाच. उरलेल्यांना सांगितले, या औषधाने जागा बधिर होईल आणि तुम्हाला पुढे त्रास जाणवणार नाही. सुई तीच, औषध तेच, पण मधमाशी ऐकलेल्या बायकांना जास्त दुखले.

इथे कोणी म्हणेल, मग सोपे आहे की! गोड बोलावे. संक्रांतीला आपण वर्षानुवर्षे तेच सांगत आलो आहोत. पण थांबा. २००८ मध्ये लँग यांच्याच गटाने ट्यूमरवर उपचार घेणाऱ्या २०१ रुग्णांवर असाच प्रयोग केला. या वेळी नुसती प्रेमळ, सहानुभूतीची सोबत मिळालेल्या ६५ जणांपैकी ३१ जणांना प्रक्रियेत काही ना काही अपाय किंवा गुंतागुंत झाली. नेहमीच्या सेवेतल्या ७० जणांत हा आकडा १८ होता आणि संमोहन शिकवलेल्या ६६ जणांत फक्त ८. प्रेमळ सोबतीचा परिणाम इतका उलटा दिसला, की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. याचा अर्थ संशोधकांनी असा लावला, की नुसती सहानुभूती माणसाला स्वतःच्या आधारावरून हलवते, पण त्याच्या जागी दुसरा आधार देत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘अरेरे, काय रे हे नशीब’ म्हणणारे पाहुणे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते गेल्यावर ताप वाढलेला असतो, तो उगाच नाही.

थोडक्यात काय, शब्द हे औषधासारखे काम करतात. आणि औषध म्हटले की मात्रा आली, जबाबदारी आली. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मधमाशीचा उल्लेख गाळणे म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’ झाले का?

मला तसे वाटत नाही. युधिष्ठिराने उच्चारलेला शब्द न् शब्द खरा होता, पण द्रोणाचार्यांच्या मनात खोटी समजूत निर्माण करण्यासाठीच ते वाक्य रचले होते. ‘या औषधाने जागा बधिर होईल’ या वाक्याने कोणतीही खोटी समजूत होत नाही. खऱ्या गोष्टी अनेक असतात. त्यांतली कोणती आधी सांगायची हे निवडणे म्हणजे फसवणूक नव्हे. कसोटी मी अशी लावतो: मला जे जे माहीत होते ते उद्या या माणसाला समजले, तर तो ‘बरे झाले, असे सांगितलेस’ म्हणेल, की ‘मला फसवलेस’ म्हणेल? पहिले उत्तर येणार असेल तर खुशाल सौम्य शब्द वापरावेत.

या कसोटीला लहान मुलांचे उदाहरणही उतरते. अमेरिकेतल्या जीई हेल्थकेअरमधले डिझायनर डग डीट्झ यांनी स्वतः बनवलेले मशीन पाहून एक लहान मुलगी रडताना पाहिली आणि त्यांची झोप उडाली. पुढे पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात स्कॅनरच्या खोल्या चाच्यांचे जहाज वगैरे रूपांत रंगवल्या गेल्या. हलायचे नाही, कारण चाचे बघतील! हे खोटे आहे का? मुलाला ठाऊक असते की हा खेळ आहे, आणि खेळणाऱ्या दोघांनाही ठाऊक असेल तर त्यात फसवणूक कसली? मोठ्यांच्या बाबतीतही तेच दिसते. २०१० साली टेड कॅप्चक यांच्या गटाने पोटाच्या जुनाट विकाराच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींना गोळ्या दिल्या आणि चक्क सांगितले, यात औषध नाही. तरीही काहीच न दिलेल्यांपेक्षा त्यांना अधिक आराम पडला. मनाची ताकद वापरायला खोटे बोलावेच लागते, ही समजूतच मुळात कच्ची आहे.

आणि खोटा धीर किती महाग पडू शकतो, हे आपण मुंबईत पाहिले आहे. २७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात नातलगाच्या तपासणीसाठी आलेला बत्तीस वर्षांचा तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचले आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे, सिलिंडर न्यायला हरकत नाही, असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितल्याचे नातेवाइकांचे म्हणणे होते. पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. एमआरआयचा चुंबक रात्रंदिवस चालू असतो, तपासणी नसतानाही. हे माहीत असलेल्या माणसाला तिथे जी भीती वाटते, ती भीती म्हणजे शहाणपण आहे. प्रत्येक भीती घालवायची नसते. काही भीती ऐकून घ्यायच्या असतात.

हे मला पुस्तकापेक्षा एका ओळखीच्या गृहस्थांनी जास्त चांगले शिकवले. ते मूळचे सोलापूरचे, इथे वेल्डिंगचे फोरमन. गणपतीत आरतीला पहिला आवाज त्यांचा, म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कंबरदुखीसाठी त्यांना एमआरआय सांगितला, तेव्हा दुभाष्या म्हणून मी सोबत गेलो. त्यांना हिंदी येते, पण दुखणे सांगायला मराठीच लागते. आत जाण्याआधी भलामोठा फॉर्म होता. पेसमेकर आहे का, शरीरात प्लेट किंवा स्क्रू आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का. त्यांच्यासोबत आलेला रूममेट हळूच म्हणाला, “अण्णा, सगळ्याला नाही म्हणा. हो म्हटलं तर परत पाठवतील.”

मी म्हणालो, “अण्णा, हे मशीन म्हणजे खोलीएवढा लोहचुंबक आहे. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर तो हलू शकतो, म्हणून विचारतात. हो म्हटलं तरी कोणी रागावणार नाही. आठवून सांगा.”

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चाकणला ग्राइंडिंग करताना गेला होता एकदा. डॉक्टरांनी काढला. सगळा निघाला का, ते काय माहीत.”

टेक्निशियन फिलिपिनो होता. त्याने रेडिऑलॉजिस्टना विचारून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढवला. तो स्वच्छ आला, मगच पुढचे सगळे झाले. त्या वेळी मी ‘काही नाही हो, नुसते फॉर्मॅलिटीचे प्रश्न आहेत’ असा धीर दिला असता, तर अण्णांनी निमूटपणे ‘नाही’ म्हटले असते.

मग टेक्निशियनने सांगितले ते मी मराठीत सांगत गेलो. पंचवीस मिनिटे लागतील, सहा टप्प्यांत. प्रत्येक टप्प्याआधी किती मिनिटांचा आहे ते कळेल. आवाज मोठा येईल, तो मशीनचा नेहमीचा आवाज आहे. हातात हा रबरी फुगा राहील, दाबलात की थांबवतील.

“दाबून बघू?” अण्णांनी विचारले.

“बघा की.”

त्यांनी दाबला. पलीकडे घंटी वाजली आणि काचेमागून टेक्निशियनने अंगठा दाखवला. अण्णांचे खांदे तिथेच खाली आले. पंचवीस मिनिटांत त्यांनी तो फुगा पुन्हा दाबला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “पायलिंगचं काम चाललंय असं समजलो आणि ठोके मोजत बसलो.” २०२२ च्या वर्ल्ड कपआधीचे दोहा ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही उपमा लगेच पटेल. लँगबाईंच्या अभ्यासात जे शिकवले गेले, ते अण्णांनी स्वतःच्या अनुभवातून काढले होते. त्यासाठी त्यांना हवी होती ती खरी माहिती आणि चालणारी घंटी.

इथे लेख संपवता आला असता. पण पार्किंगमध्ये अण्णा म्हणाले, “मशीनचं काय नाही हो, सर. कमरेत गॅप निघाली आणि कंपनीने घरी धाडलं, तर? पोरीचं इंजिनिअरिंगचं अजून एक वर्ष आहे.”

मंडळी, माझ्या मते या विषयातला खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. बोगद्यात जाणाऱ्या माणसाच्या मनात दोन भीती असतात. एक बोगद्याची, दुसरी बोगदा जे दाखवेल त्याची. पहिलीवर श्वास, संगीत, संमोहन, सौम्य शब्द, सगळे चालते. दुसरीवर ते वापरणे म्हणजे दुखणाऱ्या दाताला लवंग लावून दंतवैद्याला टाळण्यासारखे आहे. आखातात राहणाऱ्या कष्टकऱ्याची दुसरी भीती फार जुनी असते. इथे राहण्याच्या परवान्यासाठी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी द्यावी लागते, तेव्हापासून ‘तपासणी’ म्हणजे नोकरीचा फैसला हे समीकरण त्याच्या डोक्यात बसलेले असते. अशा माणसाला केवळ तो हलू नये म्हणून शांत करायचे, चित्र मिळाले की त्याच्या प्रश्नासकट बाहेर सोडायचे, हे मला बरोबर वाटत नाही. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांचा आग्रह होता, की माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नये. मघाशी ज्या थ्रूपुटचा उल्लेख केला, तो इथे आठवावा. शांत करण्याचे तंत्र रुग्णासाठी वापरले की मशीनसाठी, हे त्याच्या दुसऱ्या भीतीचे आपण काय करतो त्यावरून कळते.

अण्णांना मी ‘काही होत नाही’ म्हणू शकत नव्हतो, कारण ते मला माहीत नव्हते. जे माहीत होते ते सांगितले. कतारच्या २००४ च्या १४ क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे, तीन महिने नोकरी झालेल्या कामगाराला आजारपणात पहिले दोन आठवडे पूर्ण पगार आणि पुढचे चार आठवडे अर्धा पगार मिळतो. आणि हेही सांगितले, की रजेचे बारा आठवडे झाल्यावर काम करता येणार नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले, तर नोकरी संपवता येते. दुसरे वाक्य सांगताना जीभ जड झाली. पण ते गाळले असते, तर माझ्याच कसोटीत मी नापास झालो असतो. अण्णांनी शांतपणे ऐकले आणि रिपोर्टच्या दिवशी पुन्हा सोबत याल का, असे विचारले. मी गेलो. रिपोर्टमध्ये काय निघाले हा त्यांचा खासगी प्रश्न आहे, तो स्मरणिकेत लिहिण्याचा नाही.

कतारमध्ये आपण सात लाखांहून अधिक भारतीय आहोत. इंडस्ट्रियल एरियात २०१८ साली हझम मेबैरीक जनरल हॉस्पिटल सुरू झाले, ते मुख्यतः कामगारांसाठीच. मशीन उत्तम आहेत, माणसेही मन लावून काम करतात. पण वेटिंग रूममध्ये मल्याळी, नेपाळी, बंगाली, तमिळ, उर्दू, अरबी या सगळ्या गर्दीत मराठीतच घाबरणारा एखादा माणूस एकटा बसलेला असू शकतो. आपल्या मंडळात गणपतीच्या मांडवासाठी, नाटकाच्या सेटसाठी स्वयंसेवकांची यादी तयार होते. रुग्णालयात सोबत जाऊ शकणाऱ्यांचीही एक यादी असावी, असे मला फार वाटते. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. फॉर्ममधला प्रश्न का विचारला आहे ते सांगावे, किती वेळ लागेल ते विचारून घ्यावे, घंटी एकदा दाबून पाहू द्यावी, डोळे आत जाण्याआधीच मिटायला सुचवावे, आणि परतताना गाडीत जो प्रश्न येईल तो टाळू नये.

भीती वाटणे हा कमीपणा नाही आणि धीर देणे हे केवळ गोड बोलणे नाही. ज्या गोष्टीची खात्री आहे तिचीच हमी द्यावी. बहुतेक वेळा अशी खात्री एकाच गोष्टीची असते: ‘मी इथे बाहेर बसलोय, तुम्ही येईपर्यंत जाणार नाही.’ एवढे म्हणावे आणि मग खरोखरच बसून राहावे.